टोकन देण्याआधी एक पावसाळा

लालबागहून एका ताईंचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणाल्यात, म्हणून पत्रातला मुद्द्याचा भाग तेवढा देते.

"आम्ही पाच जण चाळीत १८० चौरस फुटांच्या पागडीच्या खोलीत राहतो. मी, मिस्टर, चौथीतली मुलगी, सासूबाई आणि धाकटे दीर. मिस्टर आणि दीर बाराही महिने गॅलरीत झोपतात. माझं ऑफिस फोर्टला, मिस्टरांचं ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये. मिस्टरांनी बदलापूर पश्चिमेला टू बीएचके बघितलाय. इमारत अजून बांधून व्हायचीय. एजंट म्हणतो, मेट्रो येतेय, पाच वर्षांत भाव दुप्पट होईल, बाल्कनीतून नदी दिसेल. पाडव्याला टोकन द्यायचं त्यांनी ठरवलंय. लालबागची खोली काढून टाकायची, त्या पैशांत डाउन पेमेंट करायचं आणि उरलेलं कर्ज. सासूबाई म्हणतात, मी इथून हलणार नाही, माझं केईएम इथे आहे. मोठं घर मलाही हवंय, खोटं कशाला बोलू? पण त्या ट्रेनच्या विचाराने रात्र रात्र झोप लागत नाही. काही बोलले की मिस्टर म्हणतात, तुला काय चाळीतच मरायचंय का? ताई, मी काय करू?"

ताई, आधी तुमच्या मिस्टरांबद्दल बोलते, कारण पत्र वाचताना मला त्यांचा राग आला नाही. जो माणूस लग्नाला दहा-अकरा वर्षं झाल्यावरही गॅलरीत वळकटी पसरतो, पावसाची झड आली की ती भिंतीकडे सरकवतो आणि पहाटे नळाला बायका उठायच्या आत गुंडाळून ठेवतो, त्याला दार लावून घेता येईल अशी एक खोली हवीशी वाटणारच. "चाळीतच मरायचंय का" हे ते तुम्हाला म्हणतात, पण त्यातली भीती त्यांची स्वतःची आहे. तेव्हा बोलणं सुरू करताना "मला नाही जायचं" असं म्हणू नका. "मलाही घर हवंय" हे जे मला लिहिलंत, ते आधी त्यांना सांगा. मला वाटतं, ते त्यांनी तुमच्या तोंडून अजून नीट ऐकलेलंच नाही.

आता तुमच्या भीतीकडे येते. ती अगदी रास्त आहे आणि आकड्यांत मांडता येते. सीएसएमटी ते बदलापूर ६८ किलोमीटर. सीएसएमटी ते ठाणे ३४, म्हणजे बरोबर निम्म्यावर. देशातली पहिली प्रवासी गाडी १८५३ साली धावली ती बोरीबंदर ते ठाणे, तेच हे ३४ किलोमीटर. याचा अर्थ असा की बदलापूरला गेलात तर तुमच्या मिस्टरांचा प्रवास ठाण्याला संपतो आणि तिथून पुढे तुमचा तेवढाच प्रवास अजून उरतो. एकाच घरातून, एकाच गाडीने निघालात तरी तुमचं अंतर त्यांच्या दुप्पट. आज करी रोडहून वीस मिनिटांत सीएसएमटीला उतरणाऱ्या बाईला फास्ट गाडीनेही दीड तास लागणार. त्यात घरापासून स्टेशनपर्यंतची शेअर रिक्षा, तिची रांग, गाडीची वाट, फोर्टपर्यंतची चाल धरा. जायला दोन तास, यायला दोन तास. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर शंभर तास, म्हणजे चार दिवस नि चार रात्री तुम्ही फक्त जात-येत असाल.

मी स्वतः याच लाईनने बावीस वर्षं प्रवास केलाय, म्हणून हे कळकळीने लिहितेय. कर्जत-खोपोलीच्या गाड्या बदलापूरला येतानाच भरलेल्या असतात. बदलापूरहून सुटणाऱ्या गाडीत बसायला मिळेल असं वाटतं, पण अंबरनाथ-उल्हासनगरच्या बायका त्याच गाडीने उलट्या बदलापूरला येऊन जागा धरून बसलेल्या असतात. त्यांनाही दोष देता येत नाही, त्यांनाही पुढे तासभर उभं राहायचं असतं. परतीला तर सीएसएमटीला गाडी थांबायच्या आत उडी मारणारीलाच खिडकी. २०२५ च्या ९ जूनला मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून प्रवासी खाली पडले, त्यात माणसं गेली. अशी बातमी आली की त्या रात्री आमच्या लाईनवरच्या प्रत्येक घरात दाराशी कोणीतरी उभं असतं.

आमच्या डब्यात एक बाई होत्या, त्याही बदलापूरच्या. तेव्हा फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. बोगद्यात मोबाइलची रेंज जायची, म्हणून त्या ठाणं सुटलं की लगेच घरी फोन लावायच्या. "कुकर लाव. तांदूळ दोन वाट्या. तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर, आणि गॅसपाशी उभी राहू नकोस." पलीकडे त्यांची मुलगी, पाचवी-सहावीतली. बोगदा यायच्या आत एवढं बोलून व्हायला हवं. वर्षभर तेच वाक्य आम्ही सगळ्यांनी ऐकलं. एकदा पलीकडून मुलगी काहीतरी बोलायला लागली, शाळेतलं काहीतरी. बाई म्हणाल्या, "थांब, थांब, बोगदा आला," आणि फोन कट झाला. बोगद्यातून बाहेर पडल्यावर त्यांनी परत लावला, तेव्हा मुलगी म्हणाली, "काही नाही, आल्यावर सांगते." घरी पोचेपर्यंत ती झोपली होती, हे दुसऱ्या दिवशी सकाळी मटार सोलता सोलता त्यांनी सांगितलं. मी विषय बदलला. आज वाटतं, बदलायला नको होता.

तुमच्या पत्रात मेट्रो, भाव, बाल्कनी हे सगळं आहे. मुलगी शाळेतून घरी आल्यावर रात्री आठपर्यंत तिच्याजवळ कोण असेल, हे मात्र नाही. आज ती आजीकडे येते. तुमच्या घराचं घड्याळ सासूबाईंवर चालतं, आणि नव्या घराच्या हिशेबात त्याच नाहीत. "सासूबाई हट्टी आहेत" अशा सुरात तुम्ही लिहिलंय. मला तसं वाटत नाही. केईएमचा केसपेपर, ओळखीची सिस्टर, औषध आणायला दोन गल्ल्यांवरचं अंतर, संध्याकाळी गॅलरीत बोलायला चार म्हाताऱ्या. सत्तरीच्या बाईला याहून मोठं घर ते काय असणार? बदलापूरला दवाखाने आहेत, पण मोठं सरकारी रुग्णालय म्हटलं की उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयापर्यंत जावं लागतं. त्यांच्या जागी मीही हलले नसते.

आणि त्यांचं न हलणं तुमच्या फायद्याचं आहे. ती खोली काढू नका. माझ्या उत्तरातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा. पागडीची खोली कागदोपत्री भाड्याचीच असते, म्हणून ती विकताना मालकाचा वाटा जातो, हाती येते ती रक्कम ऐकलेल्या भावापेक्षा बरीच कमी असते, आणि एकदा सोडलेली लालबागची जागा या जन्मी परत घेता येणार नाही. तुमची चाळ सेस भरणारी, म्हणजे उपकरप्राप्त असेल, तर मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७) या नियमाखाली पुनर्विकास झाल्यावर भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट कार्पेटचं घर मोफत मिळतं, मालकी हक्काने. तो कधी होईल हे कोणी सांगू शकत नाही, मीही सांगणार नाही. पण १८० फुटांच्या खोलीत ते ३०० फूट दडलेले आहेत, आणि डाउन पेमेंटसाठी तुम्ही तेच विकायला निघाला आहात.

खोलीला कुलूप लावून सगळेच बदलापूरला गेलात तर काय होईल, तेही ऐका. भाडे नियंत्रण कायद्यात कलम १६ आहे. सबळ कारणाशिवाय जागा सलग सहा महिने वापराविना पडून राहिली, तर मालक त्या मुद्द्यावर ताबा मागू शकतो. सासूबाई आणि दीर तिथे राहिले तर तो प्रश्नच येत नाही. म्हणजे सासूबाईच त्या खोलीची राखण करणार आहेत. हे त्यांना तसंच सांगा, मानाने सांगा. आणि भाडेपावती कोणाच्या नावावर आहे ते याच आठवड्यात बघा. अजून सासऱ्यांच्याच नावावर असेल तर आधी ते काम हाती घ्या.

हे सगळं वाचून मी बदलापूरच्या विरोधात आहे असं समजू नका. हे गाव मला आवडतं. शिवकाळात इथे घोडे बदलत, म्हणून बदलापूर, असं जुनी माणसं सांगतात. मे-जूनमध्ये टोपल्यांत पळसाच्या पानांवर मांडलेली जांभळं अशी टपोरी की दादरच्या बाजारात तशी दिसत नाहीत. ग्रंथसखासारखं वाचनालय या गावात आहे, आणि मराठी शाळेत मुलगी घालायची म्हटलं तर इथे अजून लोक वेड्यात काढत नाहीत. सकाळी टावलीच्या डोंगरावर ढग उतरलेले दिसतात. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या ९७,९४८ होती, २०११ मध्ये १,७४,२२६ झाली. त्यानंतर जनगणना झालेली नाही, पण स्टेशनवर संध्याकाळी उभं राहिलं की वाढ डोळ्यांना दिसते. ही सगळी माणसं फसून आलेली नाहीत. मुंबईत एक खोली परवडत नाही म्हणून आली आणि त्यांनी इथे संसार उभे केले. ज्यांचं काम कल्याण, अंबरनाथ, ठाण्यापर्यंत आहे, ती बहुतेक सुखात आहेत. तुमचे मिस्टर त्यांच्यात मोडतात, तुम्ही मोडत नाही.

नदी दिसणाऱ्या बाल्कनीचं मात्र मला फार काळजीचं वाटतं. ती उल्हास नदी आहे. २००५ च्या २६ जुलैला ती गावात शिरली. २०१९ च्या २७ जुलैला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावं लागलं, ती हीच नदी. पश्चिमेला हेंद्रेपाडा, वालिवली या भागांतल्या लोकांना विचारा, ते तारखा सांगतील. पूररेषा दोन असतात. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येईल त्याची. तुमची इमारत या दोन रेषांच्या कुठल्या बाजूला आहे ते नगरपरिषदेच्या नगररचना विभागात विचारा आणि लेखी घ्या. एजंट काय म्हणतो याला इथे किंमत नाही. आजूबाजूच्या जुन्या सोसायट्यांत जाऊन विजेचे मीटर किती उंचीवर लावलेत तेही बघा. ज्या इमारतीत मीटर डोक्याच्या वर सरकवलेत, तिथे पाणी कुठवर आलं होतं हे वॉचमनला विचारावंही लागत नाही. तशाच एका सोसायटीचं मेन्टेनन्सचं बिल मागून बघा. त्यात टँकरची रक्कम वेगळी लिहिलेली असते. डोळ्यांसमोर नदी असून नळाला पाणी किती वेळ येतं, ते त्या आकड्यावरून कळेल.

मेट्रोबद्दल थोडक्यात. कांजूरमार्ग ते बदलापूर अशी मेट्रो १४ प्रस्तावित आहे. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गाचं काम चालू आहे, अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये चिखलोली स्टेशनही होतंय. होईल तेव्हा आनंदच आहे. पण आज पैसे मोजताना आज धावणाऱ्या गाडीचेच मोजा. तुमची मुलगी आज दहा वर्षांची आहे, तिला आई संध्याकाळी हवीय ती येत्या सहा-सात वर्षांत.

कागदपत्रांचं. जाहिरातीवर महारेराचा, म्हणजे बिल्डरांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नंबर आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींनी खोट्या परवानग्यांच्या जोरावर रेरा नोंदणीही मिळवली होती. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितल्या, आणि त्यांत तुमच्या-माझ्यासारखी कर्जाचे हप्ते भरणारी माणसं राहत होती. म्हणून बांधकाम परवानगीची प्रत घेऊन स्वतः नगरपरिषदेत जा आणि हीच परवानगी तुम्ही दिलीय का, असं विचारा. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, रेरा कायद्याचं कलम १३. टोकनच्या नावाखाली जास्त मागितलं तर तिथूनच उठून या. माझं विचाराल तर, अजून उभी न राहिलेली इमारत घेऊच नका. आठ-दहा वर्षं जुनी, भोगवटा दाखला (राहायला परवानगी देणारी ओसी) मिळालेली, सोसायटी स्थापन झालेली, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवरची जागा बघा. तिथे जीएसटी लागत नाही, भाडं आणि हप्ता एकदम भरावा लागत नाही, आणि रात्री साडेआठला रिक्षाच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. चकचकीत लॉबी नसेल. करारावर तुमचंही नाव हवं, पगारातून अर्धा हप्ता तुमचा जाणार असेल तर याबद्दल संकोच करू नका. खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलतही मिळते.

आता करायचं काय, ते सांगते. पाडव्याला टोकन देऊ नका. एप्रिलमध्ये मुलीची परीक्षा संपली की बदलापूरला अकरा महिन्यांच्या करारावर वन बीएचके भाड्याने घ्या, नदीपासून लांब, स्टेशनजवळ. चौथी झालीच आहे, पाचवीला तिथल्या शाळेत प्रवेश घ्या. मुलं या वयात शाळा बदलायला तयार असतात. जमलं नाही आणि सहावीला परत आणावं लागलं तरी तिला ते झेपेल. नववी-दहावीत झेपलं नसतं. सासूबाई आणि दीर लालबागला राहू देत. मे महिना जाऊ दे, मग पाऊस येईल. जुलैत एखाद दिवशी रुळांवर पाणी साचेल, गाड्या कुर्ल्याच्या अलीकडेच थांबतील. रविवारी मेगाब्लॉक असेल आणि नेमकं सासूबाईंना बघायला लालबागला यायचं असेल. कधी लाईट जाईल. कधी मुलीला ताप येईल आणि तुम्ही फोर्टला असाल. हे सगळं एका पावसाळ्यात होऊन जाईल. त्याचा खर्च काही महिन्यांचं भाडं एवढाच. वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेऊन हेच कळलं तर मागे फिरायला वाट नसते.

या काळात माझी एक अट आहे, आणि ती मिस्टरांसाठी आहे. वागळे इस्टेटहून सुटून ते सातपर्यंत घरी पोचू शकतात, तुम्ही साडेआठच्या आत नाही. तेव्हा शाळा सुटल्यानंतर मुलगी जिथे असेल, शेजारी किंवा पाळणाघरात, तिथून तिला आणायचं त्यांनी. संध्याकाळचा कुकर त्यांचा, अभ्यास त्यांचा, तिचं शाळेतलं ऐकून घेणं त्यांचं. ज्याचं अंतर कमी, संध्याकाळ त्याची. याला ते "हो" म्हणाले तर मोठ्या घराचं स्वप्न तुम्हा दोघांचं आहे असं मी समजेन. "बघू" म्हणाले तर त्या घराची किंमत कोण भरणार हे तुम्हाला टोकन न देताच कळलं.

आणि जूनमध्ये त्यांना एक आठवडा रजा टाकायला सांगा. पाच दिवस ते ठाण्याला न उतरता तुमच्याबरोबर सीएसएमटीपर्यंत येऊ देत. तुम्ही लेडीज डब्यात, ते शेजारच्या जनरलमध्ये. संध्याकाळी परत तसंच. त्या पाच दिवसांत या विषयावर काही बोलू नका, वाद घालू नका. सहाव्या दिवशी त्यांनाच विचारा, काय करूया.

तुमचा मार्ग कदाचित तिसराच निघेल. ऑफिसने आठवड्यातले दोन दिवस घरून काम दिलं, किंवा तुम्हाला ठाण्यात नोकरी मिळाली, तर बदलापूर तुमच्यासाठी वेगळंच गाव होईल आणि मग मी स्वतः म्हणेन, घ्या. ती चौकशी आत्तापासून सुरू करा, घर बघण्याइतक्याच नेटाने.

पाडव्याचा मुहूर्त साधायचाच असेल तर भाडेकराराची बोलणी त्या दिवशी करा, सासूबाईंच्या हातून नव्या घराच्या किल्लीला हळदकुंकू लावून घ्या. त्यांनाही या बदलात हात हवा. आणि सप्टेंबरात, गणपती झाले की, मला पुन्हा पत्र लिहा. कुठली गाडी मिळते ते लिहा, बसायला मिळतं का ते लिहा, आणि संध्याकाळचा कुकर कोण लावतंय तेही.